जॉन स्टुअर्ट बेल : दोन कणांपासून अनेक कणांपर्यंत

उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट हे शहर एके काळी जहाजबांधणी आणि लिननचे कापड या दोन उद्योगांमुळे जगभर ओळखले जाई. या शहरात २८ जुलै १९२८ रोजी जॉन स्टुअर्ट बेल यांचा जन्म एका साध्या कष्टकरी कुटुंबात झाला. घरी त्यांना स्टुअर्ट म्हणत. चार भावंडांत ते दुसरे. वयाची चौदा वर्षे पुरी होताच मुलांनी शाळा सोडावी आणि मिळेल त्या कामाला लागावे, असा त्या वर्गातील रिवाज होता, आणि बेल यांची भावंडेही त्याच वाटेने गेली. स्टुअर्टची पुस्तकांची ओढ मात्र आईने ओळखली होती. अकराव्या वर्षीच आपण शास्त्रज्ञ होणार असे त्याने घरी सांगून टाकले होते. चांगल्या शाळांचे शुल्क परवडणारे नव्हते. अखेर पैशांची कशीबशी तजवीज होऊन बेलफास्टच्या टेक्निकल हायस्कूलमध्ये त्याला प्रवेश मिळाला. या शाळेत शास्त्राच्या जोडीला विटा रचणे आणि सुतारकाम यांसारखे विषयही शिकवीत. पुढे यंत्रे उभारणाऱ्या लोकांत बेल आयुष्यभर सहजपणे वावरले, त्याचे मूळ येथे शोधण्यास हरकत नाही.

सोळाव्या वर्षी शाळा संपली, तेव्हा विद्यापीठात जाण्यास वय अपुरे होते. मधले एक वर्ष बेल यांनी क्वीन्स विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काढले. तेथील प्राध्यापक एमेलियस आणि स्लोन यांनी या तरुण नोकराला पुस्तके वाचावयास दिली आणि पहिल्या वर्षाच्या व्याख्यानांना बसण्याची मुभा दिली. १९४५ मध्ये ते रीतसर विद्यार्थी झाले. १९४८ मध्ये प्रायोगिक पदार्थविज्ञानाची आणि १९४९ मध्ये गणितीय पदार्थविज्ञानाची पदवी त्यांनी मिळविली.

पुंजयामिकीशी त्यांचा पहिला झगडा याच काळातला. अणूच्या पातळीवरील घटनांचे अचूक भाकीत करणारे हे शास्त्र तोवर सर्वमान्य झाले होते. परंतु कणाला मापनापूर्वी निश्चित स्थान व वेग असतो काय, या प्रश्नाला पाठ्यपुस्तके सरळ उत्तर देत नसत. मापन म्हणजे नेमके काय आणि मापक उपकरणाचे जग कोठे संपून मापल्या जाणाऱ्या कणाचे जग कोठे सुरू होते, हे स्पष्ट करून सांगा असा बेल यांचा आग्रह होता. त्यावरून स्लोन यांच्याशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. वर्गातील हा प्रश्न त्यांनी निवृत्तीच्या वयापर्यंत सोडला नाही.

मात्र असल्या प्रश्नांवर पोट भरण्यासारखी परिस्थिती नव्हती. १९४९ मध्ये बेल हारवेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्रात दाखल झाले आणि लवकरच कणवेगवर्धकांच्या आराखड्यांचे काम करू लागले. विद्युत्‌भारित कणांचा झोत लांब अंतरापर्यंत न विस्कटता कसा न्यावा, याचे गणित त्यांनी मन लावून केले. तेथेच त्यांची मेरी रॉस या वेगवर्धकतज्ज्ञ विदुषीशी ओळख झाली आणि १९५४ मध्ये विवाह. हा संसार जितका सहजीवनाचा तितकाच सहसंशोधनाचा होता. आपल्या लेखनावर मेरी यांचा ठसा असल्याचे बेल यांनी जाहीरपणे नमूद केले आहे.

१९५२ साली डेव्हिड बोम यांचे दोन निबंध प्रसिद्ध झाले, आणि बेल यांच्या मनात दडलेला प्रश्न पुन्हा उसळून वर आला. पुंजयामिकीच्या मागे काही गुप्त चल राशी असतील, त्या कळल्या तर कणांची वर्तणूक निश्चितपणे सांगता येईल, ही कल्पना त्या वेळी निकालात निघालेली समजली जाई. जॉन फॉन नॉयमन या थोर गणितज्ञाने १९३२ च्या आपल्या ग्रंथात असे गुप्त चल अशक्य असल्याची सिद्धता दिली होती. आणि बोम यांनी तर तशी उपपत्ती प्रत्यक्ष रचून दाखविली! अशक्य म्हणून सिद्ध झालेली गोष्ट शक्य होत असेल, तर सिद्धतेत कोठे तरी खोट असली पाहिजे. फॉन नॉयमन यांचा ग्रंथ तेव्हा जर्मन भाषेतच उपलब्ध होता आणि बेल यांना जर्मन येत नव्हते. जर्मन जाणणारे सहकारी फ्रान्त्स मांडल यांच्याकडून त्यांनी त्याचा आशय समजून घेतला. खोट सिद्धतेच्या गणितात नव्हती, ती एका गृहीतकात होती. एकाच वेळी मोजता न येणाऱ्या राशींच्या सरासरींचा बेरजेचा नियम फॉन नॉयमन यांनी गुप्त चलांच्या प्रत्येक अवस्थेलाही लावला होता, आणि तसे करण्यास काही आधार नव्हता. ग्रेटे हेर्मान या जर्मन विदुषीने हाच दोष १९३५ मध्ये दाखविला होता. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते.

यानंतरची दहा वर्षे बेल यांनी या विषयावर काही प्रसिद्ध केले नाही. बर्मिंगहॅम येथे रुडॉल्फ पायर्ल्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९५६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. १९६० मध्ये पतिपत्नी जिनीव्हाजवळील ‘सेर्न’ या युरोपीय अणुकेंद्रकीय संशोधन संस्थेत गेली आणि तेथेच कायमची स्थिरावली. संस्थेने बेल यांना वेतन द्यावे ते मूलकणांच्या सिद्धांतासाठी आणि वेगवर्धकांसाठी. पुंजयामिकीच्या पायाचा विचार त्यांनी करावा तो उरल्यासुरल्या वेळात. या विभागणीविषयी त्यांनी कधी तक्रार केली नाही. नेमून दिलेल्या कामातही ते अव्वल होते. १९६९ मध्ये रोमन जॅकिव यांच्यासमवेत त्यांनी उदासीन पायॉन कणाच्या दोन फोटॉनांत होणाऱ्या विघटनाचे जे कोडे सोडविले, तेवढ्यावरही त्यांचे नाव शास्त्राच्या इतिहासात राहिले असते.

१९६३ च्या अखेरीस बेल वर्षभराच्या रजेवर अमेरिकेत गेले. नेहमीच्या कामापासून दूर, परक्या विद्यापीठांत काढलेल्या या वर्षात त्यांनी दोन निबंध लिहिले. पहिल्यात फॉन नॉयमन प्रभृतींच्या सिद्धतांची चिकित्सा होती. तो संपादकांच्या कार्यालयात गहाळ होऊन १९६६ पर्यंत रखडला. दुसरा १९६४ मध्येच छापला गेला, पण तो एका नव्या, अल्पायुषी ठरलेल्या नियतकालिकात. नामांकित नियतकालिके छपाईसाठी पृष्ठामागे शुल्क घेत, आणि पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने यजमान संस्थेवर तो भार टाकणे बेल यांना प्रशस्त वाटले नाही. विसाव्या शतकातील एक अत्यंत महत्त्वाचा निबंध आडबाजूला पडून राहिला, तो निव्वळ या भिडेपायी.

या निबंधात बेल यांनी १९३५ सालचा एक वाद पुन्हा हाती घेतला. आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनी असे दाखविले होते, की एकत्र जन्मून दूर गेलेल्या दोन कणांपैकी एकाचे मापन केले तर दुसऱ्याच्या मापनाचे फळ तत्क्षणी कळते. दूरच्या कणाला तर कोणी स्पर्शही केलेला नाही. तेव्हा ते फळ त्याच्या ठायी आधीपासूनच ठरलेले असले पाहिजे आणि पुंजयामिकी अपुरी असली पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तीस वर्षे हा वाद तत्त्वज्ञानाचा म्हणून बाजूला ठेवला गेला होता. बेल यांनी त्याचे रूपांतर एका संख्येत केले.

ती संख्या समजून घेण्यास अवघड नाही. दोन दूरस्थ मापनस्थळे कल्पावीत. प्रत्येक ठिकाणी उपकरण दोनपैकी एका मांडणीत ठेवता येते आणि फळ +१ किंवा −१ यांपैकी एक मिळते. मांडण्यांच्या चार जोड्या होतात. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही फळांच्या गुणाकाराची सरासरी, म्हणजे सहसंबंध, काढावा. तीन सहसंबंधांची बेरीज करून चौथा वजा करावा. फळे आधीच ठरलेली असतील, आणि एका ठिकाणची मांडणी दुसऱ्या ठिकाणच्या फळावर परिणाम करीत नसेल, तर हे उत्तर २ च्या वर जाऊच शकत नाही. पुंजयामिकीचे भाकीत मात्र दोनच्या वर्गमुळाच्या दुपटीपर्यंत, म्हणजे सुमारे २.८३ पर्यंत जाते. प्रयोगास सोयीचे हे रूप १९६९ मध्ये क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी दिले. मूळ कल्पना बेल यांची.

नुसता सहसंबंध ही काही आश्चर्याची गोष्ट नव्हे, हे पटविण्यासाठी बेल यांनी १९८१ च्या एका निबंधात आपले व्हिएन्नाचे सहकारी राइनहोल्ड बेर्टलमान यांच्या पायमोज्यांचा दाखला दिला. बेर्टलमान नेहमी दोन पायांत दोन निरनिराळ्या रंगांचे मोजे घालीत. एक पाय गुलाबी दिसला, की दुसरा गुलाबी नाही हे न पाहताच कळे. यात गूढ कसले? सकाळी मोजे घालतानाच ते ठरलेले असते. कणांचे सहसंबंध या जातीचे असते तर २ ची मर्यादा ओलांडली गेली नसती. या मिस्कील निबंधामुळे बिचाऱ्या बेर्टलमान यांचे पाय मात्र जगप्रसिद्ध झाले.

बेल यांच्या निबंधाकडे पहिली काही वर्षे जवळपास कोणी फिरकले नाही. १९७२ मध्ये बर्कली येथे फ्रीडमन व क्लाउझर यांनी कॅल्शियमच्या अणूंतून निघणाऱ्या फोटॉनांच्या जोड्यांवर प्रयोग केला. पुंजयामिकी हरेल अशी क्लाउझर यांची आशा होती. ती फोल ठरली. १९७५ मध्ये आलें आस्पे हा फ्रेंच तरुण आपल्या प्रयोगाची योजना घेऊन जिनीव्हाला आला, तेव्हा बेल यांनी सर्वांत आधी त्याला त्याची नोकरी कायम आहे ना, असे विचारले. या विषयाच्या नादी लागलेल्या तरुणांचे काय होते, हे ते जाणून होते. आस्पे यांची नोकरी सुदैवाने पक्की होती. १९८२ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १२ मीटर अंतरावरील दोन स्थळांच्या मांडण्या फोटॉन वाटेत असतानाच बदलल्या, आणि तरीही मर्यादा ओलांडली गेली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बेल यांचे मन आइन्स्टाइनच्या बाजूचे होते. जग कोणी पाहो वा न पाहो, ते आपल्या जागी निश्चित असावे, अशी त्यांची धारणा होती. बोम यांच्या उपपत्तीची ते अखेरपर्यंत वकिली करीत. आइन्स्टाइनचे म्हणणे युक्तीचे आणि त्याच्या विरोधकांचे धूसर, पण युक्तीचे ते चालले नाही, याची त्यांना मनापासून खंत होती. स्वतःच्या आवडत्या मताची परीक्षा घेणारी कसोटी त्यांनी स्वतःच घडविली, आणि निकाल विरुद्ध गेल्यावर तो पळवाट न शोधता स्वीकारला. प्रयोगांतील उणिवांचा आधार घेऊन पुंजयामिकी अजून पराभूत होईल, असे म्हणणाऱ्यांत ते सामील झाले नाहीत. शास्त्रज्ञांमध्येही हा गुण वाटतो तितका सुलभ नाही.

दोनऐवजी तीन किंवा अधिक कण घेतले तर काय होईल, हा प्रश्न वस्तुतः स्वाभाविक होता, पण त्याकडे वळण्यास दोन दशके लागली. १९८७ मध्ये जॉर्ज स्वेट्लिच्नी यांनी तीन कणांसाठी एक असमानता मांडली. डॅनियल ग्रीनबर्गर, मायकेल हॉर्न आणि आंतोन झायलिंगर या तिघांनी १९८९ मध्ये चार कणांच्या एका अवस्थेत मोठाच चमत्कार दडलेला असल्याचे दाखविले, आणि डेव्हिड मर्मिन यांनी तो तीन कणांवर आणून अगदी सोपा केला.

तीन स्थळे, प्रत्येकी एक कण. उपकरणाच्या दोन मांडण्यांना ‘अ’ व ‘ब’ म्हणू. फळ पूर्वीप्रमाणेच +१ किंवा −१. या विशिष्ट अवस्थेत कोणत्याही एका स्थळी ‘अ’ आणि उरलेल्या दोहोंत ‘ब’ मांडणी ठेवली, तर तीन फळांचा गुणाकार दर वेळी +१ येतो. अशा मांडण्या तीन. फळे आधीच ठरलेली आहेत असे धरून या तिन्ही गुणाकारांचा पुन्हा गुणाकार केला, तर प्रत्येक स्थळाचे ‘ब’ फळ दोनदा येते आणि त्याचा वर्ग १ होऊन ते गळते. उरतो तो तीन ‘अ’ फळांचा गुणाकार, आणि तो +१ असलाच पाहिजे. पुंजयामिकी सांगते, की तिन्ही स्थळी ‘अ’ ठेवल्यास गुणाकार दर वेळी −१ येईल. येथे सरासरीचा प्रश्नच उरत नाही. जेथे दोन कणांसाठी हजारो जोड्यांची आकडेवारी लागे, तेथे तत्त्वतः एकच मापन वादाचा निकाल लावते.

जून १९९० मध्ये अमेरिकेतील अ‍ॅमहर्स्ट येथे पुंजयामिकीच्या पायावर विचार करणाऱ्या मोजक्या लोकांची एक छोटी बैठक भरली. बेल तेथे होते, आणि हा तीन कणांचा युक्तिवाद रचणारेही होते. आपल्या प्रमेयाला मागे टाकणारी ही रचना पाहून बेल यांना आनंदच झाला. मर्मिन यांना त्यांनी पत्राने मनापासूनची प्रशंसा कळविली. मापन या शब्दाला शास्त्राच्या मूलभूत विधानांत स्थानच असू नये, असे प्रतिपादन करणारा त्यांचा खरमरीत निबंधही याच वर्षी प्रसिद्ध झाला. मानसन्मान आता उशिराने का होईना, येऊ लागले होते. १ ऑक्टोबर १९९० रोजी जिनीव्हा येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांना अकस्मात मृत्यू आला. ते बासष्ट वर्षांचे होते.

त्याच महिन्यात मर्मिन यांचा कितीही कणांना लागू पडणारा निबंध छापून आला. तीन कणांसाठी ठरलेल्या फळांची मर्यादा २ आणि पुंजयामिकीचे भाकीत ४. पाच कणांसाठी ४ आणि १६. सात कणांसाठी ८ आणि ६४. कणांची संख्या वाढली की वस्तू नित्याच्या जगासारखी सौम्य होत जावी, ही सर्वसाधारण समजूत. येथे तर विसंगती दर दोन कणांमागे दुप्पट होत होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय व वीरेंद्र सिंह यांनीही १९९१ मध्ये अनेक कणांसाठी अशा असमानता मांडल्या. दूरवर संदेश पाठविता न येणे ही एक गोष्ट, आणि बेल यांना अभिप्रेत असलेली स्थानिकता ही दुसरी. या दोहोंच्या कसोट्या त्यांनी वेगळ्या करून दाखविल्या.

मापनाची वाट मात्र कागदावरच्याइतकी सरळ निघाली नाही. प्रत्यक्षात कोणतीही अवस्था निर्दोष तयार होत नाही आणि कोणताही शोधक सर्व कण टिपत नाही. त्यामुळे ‘दर वेळी’ या शब्दांना प्रयोगशाळेत अर्थ राहत नाही. असमानतेवाचून सिद्ध होणारे प्रमेय तपासण्यास पुन्हा असमानताच लागते, आणि एका मापनाऐवजी पुन्हा आकडेवारी येते. झायलिंगर यांच्या गटाने १९९९ मध्ये तीन फोटॉनांची ती अवस्था प्रथम साधली आणि २००० मध्ये तिच्यावर कसोटी घेतली. निकाल पुंजयामिकीच्या बाजूने लागला.

दुसरी अडचण सूक्ष्म आहे. मर्मिन यांची मर्यादा ओलांडली गेली म्हणजे तिन्ही कण एकमेकांत खरोखरच गुंतले आहेत, असे निघत नाही. तिघा साक्षीदारांपैकी दोघे आपसांत संगनमत करून बसले आणि तिसरा एकटाच राहिला, तरीही ४ हा आकडा गाठता येतो. तिघांचाही सहभाग सिद्ध करण्यास स्वेट्लिच्नी यांची कडक असमानता लागते. तिची मर्यादा ४ आणि पुंजयामिकीचे भाकीत सुमारे ५.६६. ही मर्यादा ओलांडल्याचा निर्वाळा कॅनडातील वॉटर्लू येथील तीन फोटॉनांच्या प्रयोगाने २००९ मध्ये दिला.

तिसरी अडचण निव्वळ संख्येची. प्रत्येक स्थळी दोन मांडण्या धरल्या, तर तीन कणांसाठी आठ संयोग होतात आणि चौदा कणांसाठी १६,३८४. इन्सब्रुक येथे चौदा कॅल्शियम आयनांपर्यंतच्या अवस्था घडविल्या गेल्या आणि अनेक कणांच्या असमानतांच्या कसोट्याही आयनांवर घेतल्या गेल्या. पण शेकडो कणांसाठी हा मार्ग बंदच आहे. २०१४ मध्ये बार्सेलोना येथील संशोधकांनी केवळ एकेका कणाच्या आणि दोन-दोन कणांच्या सरासरींवर उभ्या राहणाऱ्या असमानता सुचविल्या. त्यांच्या आधारे २०१६ मध्ये बाझेल येथे सुमारे ४८० रुबिडियम अणूंच्या अतिशीत समूहात बेल यांच्या जातीचे सहसंबंध आढळले. तेथे अणू एकेकटे मोजले गेले नव्हते आणि ते परस्परांपासून दूरही नव्हते. म्हणून ही साक्ष पुंजयामिकीची काही गृहीतके मानूनच स्वीकारावी लागते, आणि संशोधकांनीही तसे स्पष्ट म्हटले आहे. दोन कणांच्या प्रयोगांतील प्रमुख पळवाटा २०१५ मध्ये डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि अमेरिकेतील बोल्डर येथे एकाच वेळी बुजविण्यात आल्या. २०२२ चे नोबेल पारितोषिक आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना मिळाले. मृत्यूनंतर हे पारितोषिक देत नाहीत.

बेलफास्ट नगरपालिकेचा रस्त्यांना व्यक्तींची नावे न देण्याचा प्रघात आहे. म्हणून जुन्या जहाज कारखान्यांच्या जागी वसलेल्या नव्या भागातील एका रस्त्याला २०१५ मध्ये नाव दिले गेले ते बेल यांचे नव्हे, बेल यांच्या प्रमेयाचे.